घोरपडीचा दुसरा गिअर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटार चालवायला शिकवणे, सगळ्या गावात क्लचबाई म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. मला कुणी भरीला घातलेले नाही, धाक दाखवलेला नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. घरात एक डॉक्टर आहे, माझी सून. पण ती जनावरांची डॉक्टर असल्यामुळे तिचा दाखला चालत नाही, असे वकीलबाईंचे म्हणणे पडले. अक्षर वेडेवाकडे दिसेल. खाणीच्या उतारावरून खाली आल्यापासून माझा हात थरथरतो. त्याचा डोक्याशी काही संबंध नाही.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने पूर्णपणे रद्द समजावे. त्यात 'घोरपड' ही माझी जुनी जीप माझ्या धाकट्या दिरांना दिली होती आणि खाली अट घातली होती की, 'ज्या व्यक्तीच्या स्वतःच्या गाडीला क्लच नाही, अशा कोणत्याही व्यक्तीने या जीपला हात लावू नये.' हे वाक्य मी त्या वेळी वकीलबाईंना दोनदा मोठ्याने वाचायला लावले होते, इतके मला आवडले होते. आता ते वाचले की कुणी तोंडात मारल्यासारखे होते. माझ्यामागे घोरपड कुणाच्या हाती जावी, हे नव्याने ठरवण्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. बाकीची कलमे सोपी आहेत, ती आधी उरकते.

कलम पहिले. राहते घर, वरचा मजला, खालची कचेरी आणि मागची पत्र्याची शेड यांसह, माझा मुलगा आणि सून या दोघांच्या नावे व्हावे. मुलगा एकुलता एक. त्याचे चष्म्यांचे दुकान आहे आणि स्वभाव इतका मऊ की गिऱ्हाइकाला नंबर वाढला असे सांगतानाही तोच ओशाळतो. वकीलबाई म्हणाल्या, "बाई, आधीच्या कागदात घर एकट्या मुलाचं होतं." मी म्हटले, "होतं ना. म्हणून तर तो कागद रद्द." कचेरीच्या भिंतीवर मी शिकवण्यासाठी काढलेला चढ आहे आणि त्या चढावर अर्ध्यात थांबलेली गाडी आहे. भिंत रंगवायची झाली तर खुशाल रंगवा. फक्त आधी तिचा एक फोटो काढून ठेवा.

कलम दुसरे. ड्रायव्हिंग स्कूल, दोन्ही गाड्यांसकट, माझ्या हाताखाली शिकवणाऱ्या बाईंना. हे गेले तेव्हा मुलगा शाळेत जायचा. मला दुसरे काही येत नव्हते, म्हणून ही शाळा काढली. 'हे' म्हणजे माझे यजमान. रस्ते आखण्याचे काम करायचे. या दोन्ही गाड्यांत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला आहे. उभा जन्म मी चालवणाऱ्याच्या शेजारी, पाय तयार ठेवून बसले आणि "क्लच!" असे ओरडले. वर्गातली मुले माझी नक्कल करायची ती एवढा एकच शब्द ओरडून. मला ती नक्कल मनातून आवडायची.

मध्यंतरी एक जण शिकायला आला. चांगला शिकलासवरलेला, नोकरीवाला. सीटवर बसला, खाली वाकून बघितले आणि म्हणाला, "बाई, हे तिसरं पेडल कशाचं?" मला वाटले, थट्टा करतोय. थट्टा नव्हती. त्याच्या घरच्या गाडीला दोनच पेडल होती, सासऱ्यांच्या गाडीला दोनच होती. तिसरे मीच माझ्या गाडीला वरून लावून घेतले असावे, अशा नजरेने तो माझ्याकडे बघत होता. मी थक्क झाले. घरी येऊन चहा समोर ठेवून बसले आणि तो थंड झाला तरी प्याले नाही. पुढचे वाचल्यावर ही गोष्ट फारच किरकोळ वाटेल, पण मला तेव्हा वाटले होते की यापेक्षा मोठा धक्का या वयात बसायचा नाही.

शिकवणाऱ्या बाईंना सूचना एवढीच की दोन्ही प्रकार शिकवावेत. ऑटोमॅटिक शिकायला आलेल्याला "सोफ्यावर बसायला आलात का?" असे विचारू नये. हा विनोद मूळ माझा आहे आणि मी तो परत घेत आहे.

कलम तिसरे. बँकेत जे काही असेल ते मुलाला आणि सुनेला सारखे. त्यावरून भांडणे व्हावीत इतके ते नाही.

कलम चौथे. शेडमधली हत्यारे, उंच जॅक, ओढायचे दोर, फावडी आणि चिखलात चाकाखाली घालायच्या दोन फळ्या रविवारच्या मंडळींना. ही मंडळी म्हणजे आम्ही सात-आठ गाडीवेडे. दर रविवारी सकाळी भावजींच्या टायरच्या दुकानात, जुन्या टायरांवर बसून, नव्या गाड्यांना नावे ठेवणे हा आमचा कार्यक्रम. भावजी म्हणजे तेच माझे धाकटे दीर. एकटे राहतात, जिभेला हाड नाही, पण कुणाची गाडी कुठे रुतली असा फोन आला तर जेवत्या ताटावरून उठतात. त्यांचे ठाम मत असे की ज्या गाडीला गिअर हाताने टाकायचा नाही ती गाडीच नव्हे. नव्या गाड्यांच्या अंगाला नुसती काळ्या प्लास्टिकची पट्टी लावतात, बटणावर डोंगराचे चित्र काढतात आणि चार चाकांतली दोनच ओढतात. अशा गाडीचे पोट गतिरोधकाला घासते, ती डोंगर काय चढणार? यातले बरेचसे खरे आहे आणि आजही मी ते तसेच म्हणेन. पण बरेचसे म्हणजे सगळे नव्हे. हा फरक आमच्या दुकानात कधी कुणी केला नाही.

भावजींना या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही, वरच्या हत्यारांतही त्यांचा वाटा नाही. त्याचे कारण शेवटी आहे. वाचणाऱ्याने तोवर त्यांची कीव करू नये आणि मलाही दुष्ट ठरवू नये.

कलम पाचवे. शोरूममधल्या त्या विक्रेत्याला माझी उजेडाची बॅटरी, म्हणजे टॉर्च, द्यावी. सूनबाईची नवी गाडी घ्यायला आम्ही तिघे गेलो होतो. गाडी घेणार सून, पैसे सुनेचे, आणि हे गृहस्थ बोलत होते माझ्या मुलाशी. मी विचारले, "पोटाखाली जागा किती आहे?" त्यांनी मला छताची उघडणारी काच दाखवली. मी विचारले, "चारही चाकं ओढतात का?" त्यांनी सीटमधून गार वारा येतो तो दाखवला. शेवटी सूनबाई साडीचा पदर खोचून स्वतः गाडीखाली वाकली, आत बघितले आणि म्हणाली, "ओढतात. घेऊ या." बॅटरी द्यायची ती याकरिता की आपण काय विकतो हे त्यांनी एकदा खालून बघावे.

गाडी ऑटोमॅटिक होती. मी शोरूमच्या दारातच सांगितले, "माझ्या घरात क्लचशिवाय गाडी येणार?" सूनबाई म्हणाली, "आई, अडलेली गाय सोडवली की खांद्यापासून हात गळून गेलेला असतो. त्या हातानं मी गिअर कुठे टाकत बसू? मला गाडी चालवायची नसते, पोचायचं असतं." यावर मी रुसले. रुसवा बरेच दिवस चालवला. मंडळींत तिचे नाव मीच 'बटणवाली' पाडले.

कलम सहावे. काचेचा पेला सूनबाईला. या पेल्याची हकीकत सांगितली पाहिजे. आमच्यात नवा माणूस आला की त्याची परीक्षा असते. चढावर अर्ध्यात गाडी थांबवायची. मागच्या चाकाला चिकटून हा पेला ठेवायचा. मग गाडी पुढे काढायची, बोटभरही मागे येऊ न देता. पेला शाबूत राहिला तर त्याच पेल्यात पाणी भरून त्याला प्यायला द्यायचे, की तो आमच्यातला झाला. ही परीक्षा ह्यांनी सुरू केली, पेलाही ह्यांचाच. पेला फोडणारे पुष्कळ झाले असतील असे वाटेल. पण फुटायच्या आत ओरडायला मी उभी असायची, त्यामुळे पेला तोच आहे.

सूनबाईने तिच्या गाडीने ही परीक्षा दिली. पाय ब्रेकवरून काढला, गाडी जागची हलली नाही, मग सरळ पुढे गेली. पेल्याला धक्काही लागला नाही. तिने खाली उतरून पाण्यासाठी हात पुढे केला. भावजी म्हणाले, "छे छे, ही परीक्षा धरायची नाही. हे गाडीनं केलं, तू कुठे केलंस?" सगळे हसले. मी पेला पुसून डब्यात ठेवून दिला. तिचा पुढे केलेला हात तसाच खाली गेला, तो मला दिसला होता.

कलम सातवे. घोरपड.

ही जीप ह्यांनी लग्नाआधी घेतली. कसल्याही चढाला चिकटते म्हणून तिचे नाव घोरपड. तिची एक खोड होती. उतारावर, दुसऱ्या गिअरमध्ये, लिव्हर आपोआप निसटायचा आणि गाडी मोकळी सुटायची. म्हणून उतरताना तळहाताने लिव्हर दाबून धरावा लागे. ह्यांनी मला गाडी शिकवली ती याच जीपवर. मी लिव्हर धरायची आणि माझ्या हातावर ह्यांचा हात असायचा, उतार संपेपर्यंत. आम्हा दोघांना घरात एवढे जवळ बसायला मिळत नसे. मी उतारच उतार शोधायची, हे आता लिहायला हरकत नाही.

ह्यांच्यामागे ही खोड म्हणजे मंडळींची शान झाली. घोरपडीला हात कळावा लागतो, असे आम्ही म्हणायचो. नवीन गाड्यांना कसला आलाय स्वभाव, असेही म्हणायचो. एकदा सूनबाई दुकानात चहा घेऊन आली होती. तिने सहज विचारले, "गिअर निसटतो तर दुरुस्त का नाही करून घेत?" भावजींनी कपाळाला हात लावला. "दुरुस्त? अगं, तो तिचा स्वभाव आहे! तुझ्या गाईचा स्वभाव दुरुस्त करतेस का?" ती म्हणाली, "आमच्यात अचानक सुटणाऱ्या गाईला स्वभाव म्हणत नाहीत, दुखणं म्हणतात." तेव्हाही सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

खाणीची वाट म्हणजे एका बाजूला कापलेला खडक, दुसऱ्या बाजूला काही नाही, खाली सुटी खडी आणि तळाशी एकदम वळण. त्या रविवारी पुढे सूनबाईची गाडी होती, तिच्या शेजारी माझा मुलगा. मागे घोरपड. घोरपड त्या दिवशी भावजी चालवत होते आणि मी शेजारी होते. पुढेमागे जीप त्यांनाच द्यायची होती, तेव्हा घोरपडीला त्यांचा हात कळतो का हे मला बघायचे होते. सूनबाईने उतारावर गाडी आपोआप हळू ठेवणारे बटण दाबले होते. तिची गाडी टिकटिक करत, अगदी म्हाताऱ्यासारखी उतरत होती. भावजी खूश. "बघा वहिनी, खेळणं बघा! आणि आपले पाय बघा." त्यांनी दोन्ही पाय पेडलवरून बाजूला घेतले होते. उतार इंजिनावर उतरायचा, म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते; ब्रेकला पाय लावला तर नाक कापलेच, हा आमचा नियम.

पुढच्या चाकाखाली दगड आला. स्टिअरिंगने हिसका दिला आणि भावजींनी ते दोन्ही हातांनी धरले. कुणीही धरले असते. लिव्हरवरचा हात सुटला आणि गिअर निसटला.

आवाज बंद झाला. इंजिनाचा तो घुर्र आवाज गेला आणि फक्त खडी ऐकू यायला लागली. त्या क्षणी माझ्या तोंडून एकच शब्द निघाला. "क्लच!" जन्मभर तोच ओरडले होते, तोच निघाला. आणि भावजींनी क्लच दाबला. गिअर परत टाकायचा, असेच आम्हा दोघांच्या हाडीमाशी भिनलेले. लिव्हर करकरला, पण त्या वेगात गिअर जाईना, आणि क्लच दाबल्यावर गाडीला धरणारे काहीच उरले नाही. ज्याला गिअर माहीतच नाहीत अशा कुणीही सरळ ब्रेक दाबला असता. आम्हाला तो शेवटी आठवला. तेव्हा चाके थांबली, पण गाडी खडीवरून घसरतच राहिली. मी दोन्ही पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर दणादणा मारत होते. तिथे पेडल नाहीत हे मला कळत होते, तरी मारत होते.

पुढे काय झाले ते मला अजून खरे वाटत नाही. सूनबाईने आरशात बघितले. ती बाजूला झाली नाही. तिने स्वतःची गाडी पळवली, आमच्या वेगाच्या जवळ आणली आणि आम्हाला स्वतःवर येऊ दिले. टक्कर झाली ती शेजारच्या घरात भांडे पडावे इतकीच. मग तिने ब्रेक दाबला. तिची गाडी कुरकुरली, थरथरली, पण घसरली नाही. ती आमची जीप पाठीला लावून घेऊन तशीच हळूहळू उतरली आणि वळणाच्या अलीकडे दोन्ही गाड्या थांबल्या.

मला दार उघडता येईना. तिने येऊन उघडले. मी विचारले, "तू हे काय केलंस गं?" ती म्हणाली, "घाबरलेलं जनावर अंगावर आलं तर बाजूला उडी मारायची नसते, आई. आधी त्याच्याबरोबर दोन पावलं पळायचं, मग थांबवायचं. मी तेवढंच केलं. बाकी गाडीनं केलं."

बाकी गाडीनं केलं. ते ऐकून भावजींनी जीपच्या मागून डबा काढला, पेला काढला. त्यात पाणी भरून त्यांनी तो दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. ती प्यायली.

मुलाबद्दल. त्याने त्या रात्री जेवण सोडले आणि मला स्वतः सांगितले, "आई, मी तिला 'बाजूला घे, बाजूला घे' असं ओरडत होतो." ती बाजूला झाली असती तर आम्हाला वळणावर अडवायला कुणी नव्हते. मला धक्का बसला, नाही कसे म्हणू? पोटचा मुलगा. पण शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या तोंडून भलताच शब्द निघतो, हे मी त्याच दिवशी पाहिले होते, आणि तो माणूस मी होते. माझा त्याच्यावर राग नाही. त्याने हे कलम पुन्हा पुन्हा वाचून रडू नये.

नंतर सूनबाईने कुणालाही न विचारता घोरपड वर्कशॉपला पाठवली. भावजी आणि मी हजर होतो. मेकॅनिकने गिअरबॉक्स उघडला, आत बोट घातले आणि माझ्या तळहातावर एक वस्तू ठेवली. बोटाच्या पेराएवढी स्प्रिंग, मधोमध मोडलेली. "लिव्हर जागेवर धरते ती ही," तो म्हणाला. "फार जुनी मोडलेली दिसते. साधी वस्तू आहे हो, बदलली का नाही कधी?" "म्हणजे दादा..." भावजी एवढेच म्हणाले. दादाने, म्हणजे ह्यांनी, आम्हाला जे शिकवले, ज्याला आम्ही कला म्हटले, ज्यासाठी दुसऱ्यांना हसलो, ती एक मोडकी स्प्रिंग होती. स्वभाव वगैरे काही नव्हते. सुनेने एका चहाच्या फेरीत जे विचारले ते आमच्यापैकी कुणाला आयुष्यात एकदाही विचारावेसे वाटले नाही.

ह्यांना ते माहीत होते का? रस्ते आखणारा माणूस, यंत्रांतले बरेच कळायचे. माहीत असून माझा हात धरायला मिळतो म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली, असे मला वाटावेसे वाटते. पण तसे असेल तर त्याच हौसेने परवा आम्हा दोघांचा जीव जाणार होता. या दोन गोष्टी माझ्या मनात एकत्र राहात नाहीत. मला त्यांचा राग येतो आणि त्यांचा हातही आठवतो. ज्याला हे सोडवता येईल त्याने सोडवावे, मी दमले.

नवी स्प्रिंग घातली आहे. गिअर आता जागचा हलत नाही. मी एकदा उतारावर नेऊन बघितले. हात सवयीने लिव्हरवर गेला आणि तिथे धरायला काही कारणच नव्हते. मी तरीही धरून ठेवला.

कलम आठवे. घोरपड सूनबाईला. आधीच्या मृत्युपत्रातल्या अटीसारखी कोणतीही अट नाही. तिने चालवावी, विकावी, नाहीतर शेडमध्ये ठेवून तिच्यात कोंबड्या बसवाव्यात. मी तिला आधी विचारले. ती म्हणाली, "मला ती नकोय, आई. खरं सांगते, मला तिची भीती वाटते." मी म्हटले, "म्हणूनच तुला. आम्हाला तिची भीती वाटली नाही, तेच चुकलं." ती म्हणाली, "मग मला गिअर शिकवा. पण ओरडायचं नाही." सध्या शिकवणे चालू आहे. जीप तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी ओठ दाताखाली धरून बसले होते, याला साक्षीदार आहेत.

मोडलेली स्प्रिंग कुणालाही द्यायची नाही. ती माझ्या मुठीत ठेवावी आणि मूठ मिटावी.

कलम नववे. मला शेवटचे न्यायचे ते सूनबाईच्या गाडीतून, आणि चालवायचे तिनेच. बटण दाबायचे असेल तर दाबावे. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याने एक शब्दही बोलू नये.

आता राहिले भावजी. मी त्यांच्यासाठी घोरपडीच्या लिव्हरची मूळ मूठ लिहिली होती, लाकडी, ह्यांच्या हाताने गुळगुळीत झालेली. ते कलम वाचून दाखवताना वकीलबाई म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, केली तर त्याचे दान बुडते. भावजी दारात उभे होते. जीपवर त्यांचा डोळा होता हे सगळ्या दुकानाला माहीत आहे. ती गेली, आता मूठ तरी होती. ते म्हणाले, "मूठ खोडा, वकीलबाई. मला साक्षीदार करा." मी म्हटले, "अहो भावजी, साक्षीदार कुणीही मिळेल." ते म्हणाले, "मिळेल हो वहिनी, पण त्या दिवशी घोरपडीत तुमच्या शेजारच्या सीटवर दुसरं कोण होतं?" मी मूठ खोडली. ती आता घोरपडीबरोबरच राहील.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला समजला आणि तो माझाच आहे. दोघे साक्षीदार समोर असताना सही करत आहे.

सही: क्लचबाई

स्थळ: टायरच्या दुकानामागची खोली
दिनांक: रविवार, मंडळी जमायच्या आधी

साक्षीदार पहिले: डॉक्टर (माणसांचे). लिहून देणार बाईंनी माझ्यासमोर सही केली. नाडी जलद आहे, बाकी प्रकृती ठीक.

साक्षीदार दुसरे: टायरवाला, लिहून देणार बाईंचा धाकटा दीर. सही माझ्यासमोर झाली. मला या कागदाने काही मिळत नाही, हे मला मान्य आहे. वकीलबाई म्हणतात एवढंच लिहायचं असतं, पण कलम सातमध्ये एक गोष्ट अर्धी राहिली आहे, ती लिहितो. वहिनी 'क्लच' म्हणाल्या हे खरं आहे. मी ते ऐकलंच नव्हतं. पाय त्याच्या आधीच क्लचवर गेला होता, आणि तो माझा होता.